एकच सोमवार, चार आकडे

२० मे २०२४, सोमवार. लोकसभा निवडणुकीचा पाचवा टप्पा. त्या दिवसाचे फक्त चार आकडे सांगतो. पालघर ६३.९ टक्के, भिवंडी ५९.९, ठाणे ५२.१ आणि कल्याण ५०.१.

आता यात काय एवढं, असं वाटेल. पण गंमत अशी की हे चार मतदारसंघ एकत्र केले की बरोब्बर जुना ठाणे जिल्हा तयार होतो. तलासरीपासून बेलापूरपर्यंत आणि वसईपासून मुरबाडपर्यंत. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा निघाला. त्याआधी, म्हणजे २०११ च्या जनगणनेत, हा लोकसंख्येने देशातला सगळ्यात मोठा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांचा. विधानसभेच्या चोवीस जागा, सहा-सहाचे चार गठ्ठे, चार खासदार. एकच तारीख, एकच ऊन, एकच सार्वजनिक सुट्टी. आणि तरी एका टोकाला शंभरातले चौसष्ट लोक मतदानाला गेले, दुसऱ्या टोकाला पन्नास.

मतदान कमी झालं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय येणार हे आता आपल्याला पाठ आहे. 'सुशिक्षितांची पाठ', 'मध्यमवर्गाची उदासीनता', शाई लावलेलं बोट दाखवणाऱ्या एखाद्या नटाचा फोटो आणि तुमच्या-माझ्यासारख्या आयटीवाल्यांवर एक टोमणा. ऑफिसात पण तेच. 'लोणावळ्याला गेले असतील सगळे.' मला या लोणावळा थिअरीचा आधीपासून संशय होता, म्हणून दोन-तीन वीकेंड आकडे घेऊन बसलो. कोड डिबग करताना आपण काय करतो? एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. जुना ठाणे जिल्हा हा त्यासाठी आयता मिळालेला टेस्ट केस आहे.

आधी नेहमीचे संशयित निकालात काढू.

पहिला संशयित ऊन. चारही ठिकाणी सारखंच होतं, तेव्हा तो इथेच सुटतो. तरी कुणाला शंका असेल तर विदर्भाकडे बघा. १९ एप्रिल २०२४ ला गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झालं. तिथल्या सहापैकी चार विधानसभा क्षेत्रांत नक्षलवादाच्या धोक्यामुळे दुपारी तीनलाच मतदान बंद होतं. त्याच दिवशी, त्याच विदर्भाच्या उन्हात, संध्याकाळपर्यंत वेळ असलेल्या नागपुरात ५४.

दुसरा संशयित जोडून आलेली सुट्टी. याची ख्याती २००९ पासूनची. त्या वर्षी मुंबई-ठाण्यात ३० एप्रिलला, गुरुवारी मतदान होतं आणि शुक्रवारी १ मे. म्हणजे चार दिवस सुट्टी. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला जेमतेम पाच महिने झाले होते, मेणबत्त्या लावून झाल्या होत्या, एका मोठ्या बँकेच्या प्रमुख मीरा सन्याल दक्षिण मुंबईत अपक्ष उभ्या होत्या, या वेळी मुंबई रेकॉर्ड मोडणार अशी हवा होती. दक्षिण मुंबईत मतदान झालं सुमारे ४० टक्के. आणि कल्याणमध्ये ३४! तेव्हापासून लाँग वीकेंड हा कायमचा आरोपी. पण नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला, की कुणाला रजा जोडताच येऊ नये. काय झालं? ठाणे जिल्हा ५६ च्या आसपास, पालघर पासष्टच्या पुढे. कुलाब्यात ४४ आणि कोल्हापूरच्या करवीरमध्ये ८५. म्हणजे थोडा फरक पडला, पण दरी जिथल्या तिथे. सुट्टीचा हात असेल, पण मुख्य गुन्हेगार ती नव्हे.

तिसरा संशयित 'शहरी माणूस मुळातच आळशी'. याचा समाचार पुढे घेतो, कारण इथे इतिहास लागतो.

त्याआधी जरा झूम करू. खासदाराचा मतदारसंघ म्हणजे सहा आमदारांचे मतदारसंघ. सरासरीच्या पोटात शिरलं की चित्र एकदम स्पष्ट दिसतं. पालघरच्या ६४ टक्क्यांमध्ये डहाणू आणि विक्रमगड सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्याच मतदारसंघातला नालासोपारा पन्नाशीच्या आसपास. भिवंडीतही तेच. भिवंडी ग्रामीण आणि शहापूर सत्तरच्या घरात, तर भिवंडी पूर्व आणि कल्याण पश्चिम पन्नासच्या आसपास. म्हणजे 'पालघरचे लोक जागरूक, कल्याणचे झोपलेले' असं काही नाहीच. खरी सीमारेषा मतदारसंघांच्या मधून नाही, त्यांच्या पोटातून जाते. साधारणपणे लोकल ट्रेन जिथे खच्चून भरते तिथे टक्का पडतो आणि एसटीचा टप्पा सुरू झाला की तो वर चढतो. नालासोपाऱ्यातला मतदार आणि डोंबिवलीतला मतदार वेगवेगळे खासदार निवडतात, पण त्यांचं आयुष्य एकसारखं आहे. सकाळी साडेसहाची गाडी, रात्री नऊला घरी, भाड्याची किंवा कर्जाची खोली, मूळ गाव दुसरीकडे.

हे झालं 'कुठे'. 'का' साठी जरा मागे जावं लागेल.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात मत देणं ही गोष्ट आकाशातून पडलेली नाही. १९४५ पर्यंत तिथला वारली आदिवासी जमीनदाराच्या शेतावर वेठीला जुंपलेला होता. वेठ म्हणजे बिनपगारी काम. हाक आली की जायचं. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायला बांधली जायची, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद टिटवाळ्याला भरली. हो, तेच टिटवाळा, आपण मंगळवारी गणपतीला जातो ते, कल्याणच्या पलीकडचं. तिथे काही वारली मंडळी येऊन पोचली. मग मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारल्यांची सभा झाली आणि ठरलं की वेठ करायची नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे या लढ्याचे नेते. गोदाताई कायद्याच्या पदवीधर, पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, आणि राहिल्या पाड्यांवर. पुढे त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं, ते आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात असेल. नसेल तर आणा.

मागण्या काय होत्या बघा. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. दिवसाला बारा आणे मजुरी. बस. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच आदिवासी मेले. तलवाडा आज विक्रमगड तालुक्यात येतं. तेच विक्रमगड, सत्तरीच्या पुढे मतदान करणारं.

आता एका सरळ रेषेत '१९४५ चा उठाव म्हणून २०२४ चे सत्तर टक्के' असं म्हणणं बाळबोध होईल. मधे ऐंशी वर्षं गेली आहेत. पण त्या वर्षांत काय झालं ते पाहा. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ला शामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेत गेले. १९७७ ला डहाणूतून मार्क्सवाद्यांचे लहानू कोम निवडून आले. दुसरीकडे संघपरिवाराच्या वनवासी भागातल्या कामातून चिंतामण वनगा खासदार झाले. मधल्या काळात काँग्रेस होतीच, नंतर बहुजन विकास आघाडी आली. डहाणू विधानसभेत २०१९ ला आणि पुन्हा २०२४ ला माकपचे विनोद निकोले निवडून आले, ज्या वर्षी बाकी महाराष्ट्रात त्या पक्षाला औषधाला जागा नव्हती. म्हणजे या पट्ट्यात एक नाही, चार-पाच संघटना पिढ्यान् पिढ्या पाड्यापाड्यावर माणसं बांधून आहेत. रेशन कार्ड अडलं, वनहक्काचा दावा अडला, जातीचा दाखला अडला, की जायला एक ओळखीचा कार्यकर्ता असतो. आणि मतदानाच्या दिवशी तोच कार्यकर्ता दारात येतो. तुम्ही अजून गेला नाहीत हे त्याला अकरा वाजताच कळलेलं असतं.

इथे जमीन, जंगल, रस्ता, धरण या गोष्टी सरकारवर अवलंबून आहेत. सरकार बदललं तर आयुष्यात फरक पडू शकतो हे गृहीत धरलेलं आहे. माझ्या आयुष्यात केंद्र सरकार बदललं तर टीडीएसचा फॉर्म बदलतो. (अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.)

बरं, मग शहर असंच होतं का कायम? अजिबात नाही, आणि हा भाग आजच्या टोमण्यांत कधीच येत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत देशभर शहरांतलं मतदान खेड्यांपेक्षा जास्त असायचं. शाळा, वर्तमानपत्रं, कामगार संघटना, सभा, सगळं शहरात होतं. मुंबईने याच काळात मोठमोठी खोडं पाडली. १९६७ ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिसांनी हरवलं ते गोदी आणि टॅक्सीवाल्यांच्या युनियन्सच्या जिवावर. खेडी शहरांच्या पुढे गेली ती नंतर, आणि नव्वदच्या दशकात तर दलित, आदिवासी, मागास समाजांचं मतदान वाढत असताना शहरी सुखवस्तू वर्ग मागे पडला. योगेंद्र यादवांनी त्याला दुसरी लोकशाही उसळी म्हटलं होतं. म्हणजे शहर आळशी 'असतं' हे खरं नाही. ते तसं 'झालं', आणि आपल्याच आई-वडिलांच्या हयातीत झालं.

डोंबिवलीचंच घ्या. गिरगाव-दादरच्या चाळीतून स्वस्त ब्लॉकच्या शोधात मराठी मध्यमवर्ग इथे आला. ठाणे मतदारसंघातून १९७७ ला आणि १९८० ला, म्हणजे इंदिरा गांधींच्या लाटेतसुद्धा, रामभाऊ म्हाळगी निवडून आले. कसे? शाखा, वाचनालय, ग्राहक पंचायत, गणपती मंडळ, प्रत्येक गल्लीत ओळखीचा माणूस. डहाणूच्या पाड्यावर लाल बावटा जे करत होता तेच काम इथे वेगळ्या रंगाचा झेंडा करत होता. हे लोक मुळात आळशी असते, तर गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत सुरूच झाली नसती. सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला उठून, नऊवारी नेसून, हजारो माणसं फडके रोडवर येतात. लेझीम खेळतात. आणि त्याच शहरात मतदानाला निम्मेच लोक?

इथे मला वाटायला लागलं की गोची अंशात नाही, छेदात आहे.

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. मतदानाची टक्केवारी म्हणजे वर मत दिलेले लोक आणि खाली यादीतली नावं. खाली 'माणसं' नाहीत बरं का, 'नावं' आहेत. आपण सगळी चर्चा वरच्या आकड्यावर करतो आणि खालचा आकडा देवाने दिलाय असं धरून चालतो.

डेटाबेसवर काम केलेल्या कुणालाही हे सांगायला नको की रेकॉर्ड घालणं सोपं आणि काढणं महाकठीण. मतदार यादीत नाव घालायला फॉर्म ६ आहे. त्यात माणसाचा स्वार्थ आहे, तो भरतो. नाव काढायला फॉर्म ७. मेलेला माणूस तो भरत नाही आणि घर सोडून गेलेल्याला भरायचं काही कारण नाही. जागा बदलली तर फॉर्म ८ भरायचा असतो. तुमच्यापैकी किती जणांनी शेवटचा फ्लॅट बदलल्यावर तो भरला? आपला करार अकरा महिन्यांचा. पाच वर्षांत, म्हणजे दोन लोकसभांच्या मधे, एक भाडेकरू चार पत्ते बदलू शकतो. मी राहतो त्या फ्लॅटच्या पत्त्यावर यादीत माझ्याआधीच्या तीन बिऱ्हाडांची मिळून सात नावं आहेत. एक कुटुंब बंगलोरला गेलं, एक परदेशात आणि एकाचा पत्ता सोसायटीलाही नाही. आम्ही घरातली दोघं मतदान करून आलो. आमच्या दारावरची टक्केवारी नऊपैकी दोन, म्हणजे बावीस. पेपरवाल्यांच्या हिशेबात आमचं घर कमालीचं उदासीन आहे :-)

यात कोकण मिसळा. मुंबई-ठाण्यातला चाकरमानी घर इथे, जीव तिथे. गावच्या यादीतलं नाव काढायचं म्हणजे गाव सुटल्यासारखं वाटतं, शिवाय ग्रामपंचायतीला भावकीतला कुणी उभा असतो, त्याला मत द्यायला जावं लागतं. म्हणून नाव दोन्हीकडे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १७ वं कलम सांगतं की एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात हवं. पण कायदा आणि भावकी यांत कोण जिंकतं ते आपल्याला माहीत आहे. असा माणूस अगदी कर्तव्यदक्ष असला, तरी एकाच ठिकाणी मत देणार. दुसरीकडची टक्केवारी तो न केलेल्या गुन्ह्यासाठी खाली ओढणार. भिवंडीच्या यंत्रमागावरचा पूर्वांचलचा कामगार, नालासोपाऱ्यातला रिक्षावाला, सगळ्यांचं हेच. त्यात मतदान मे महिन्यात, म्हणजे शाळांना सुट्टी, आंबे, लग्नं, आणि सगळे गावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई महापालिकेची प्रारूप यादी आली, एक कोटी तीन लाख नावांची. त्यात सुमारे अकरा लाख नोंदी 'संभाव्य दुबार' म्हणून निघाल्या. नाव सारखं म्हणजे माणूस तोच असं नाही, त्यामुळे घरोघर जाऊन तपासावं लागलं. पण प्रश्न किती मोठा आहे याचा अंदाज येतो.

एक हिशेब करून बघू. कल्याणच्या यादीत २०२४ ला सुमारे वीस लाख ऐंशी हजार नावं होती. समजा, निव्वळ समजा, त्यातली १५ टक्के शिळी आहेत. मेलेली, गेलेली, दुबार. तर खरी टक्केवारी पन्नास नाही, एकोणसाठ होते. पालघरमध्ये लोक कमी हलतात, तिथे ५ टक्के शिळी धरा. चौसष्टचे सदुसष्ट होतात. चौदाची दरी आठवर येते. आकडे माझे काल्पनिक आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. दरी पूर्ण बुजत नाही, पण निम्मी 'उदासीनता' एक्सेल शीटमध्येच विरघळते.

छेद बदलला की टक्का कसा हलतो याचं ताजं उदाहरण बिहारचं. २०२५ मध्ये तिथे यादीची विशेष फेरतपासणी झाली. ७ कोटी ८९ लाख नावांची यादी ७ कोटी ४२ लाखांवर आली. नोव्हेंबरच्या विधानसभेला मतदान सुमारे ६७ टक्के, बिहारच्या इतिहासातलं सर्वाधिक. २०२० ला ते ५७ होतं. प्रत्यक्ष मतंही खूप वाढली, विशेषतः बायकांची. त्यामुळे सगळं श्रेय छेदाला देता येणार नाही. पण एवढी नावं गेल्यावर टक्का थोडा तरी आपोआप वर जाणारच, त्याला लोकशाही उजळली म्हणायचं की भागाकार, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग कापा ना नावं, सोपं आहे, असं वाटेल. पण इथेच मला भीती वाटते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट माहीत असेल. उत्तरेत लाखो बायकांनी गणनेला आलेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की अशी नोंद चालणार नाही, नाव हवं. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. यादी नियमाप्रमाणे शुद्ध झाली. त्या बायकांचं पहिलं मत मात्र गेलं. आणि लांब कशाला, एप्रिल २०१४. पुण्यात आणि मग मुंबईत हजारो लोक केंद्रावर गेले आणि नाव गायब. वर्षानुवर्षं त्याच घरात राहणारी, आधीच्या निवडणुकीत मत दिलेली माणसं. निवडणूक आयुक्त ह. शं. ब्रह्मा यांना जाहीर माफी मागावी लागली. बिहारमध्येही सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की वगळलेल्यांची नावं कारणासकट प्रसिद्ध करा.

शिळं नाव राहिलं तर टक्केवारी घसरते, एवढंच. चुकीचं नाव गेलं तर एका माणसाचं मत जातं. आपल्या भाषेत, या दोन बग्सची सिव्हिरिटी सारखी नाही. आणि नाव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त कुणाला? जो भाड्याने राहतो, ज्याच्याकडे लाइट बिल स्वतःच्या नावावर नाही, जो तपासणीच्या वेळी कामावर असतो. म्हणजे तुम्ही, मी, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त नालासोपाऱ्याच्या चाळीतला माणूस. त्याच्याबद्दल तर आणखी एक गोष्ट आहे, त्याचं नाव मुळात यादीत आलेलंच नसतं. ना अंशात, ना छेदात. सगळ्यात कमी मतदान करणारा हा शहरी माणूस कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही, त्यामुळे त्याला कुणी टोमणाही मारत नाही. आणि पाणी किती वाजता सोडायचं हे ठरवताना नगरसेवकही त्याला मोजत नाही, कारण महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते.

कल्याणचा आलेख मात्र वर चाललाय हे सांगायला हवं. २००९ ला ३४, २०१४ ला ४३, २०१९ ला ४५, २०२४ ला ५०. पंधरा वर्षांत सोळा टक्के. हे कुठल्याही पेपरात हेडलाइन म्हणून आलेलं मी वाचलेलं नाही, कारण ५० हा आकडा ओरडायला सोयीचा आहे. काही यादी सुधारली असेल, काही लढती चुरशीच्या झाल्या. आणि माझा अंदाज असा की २००९ ला नवीन आलेल्या टॉवरमधली माणसं आता मुळं धरायला लागली आहेत. मुलं तिथल्याच शाळेत, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडणं, नगरसेवकाचा नंबर मोबाइलमध्ये. ओळख व्हायला पंधरा वर्षं लागतात.

ओळखीचाच सगळा प्रश्न आहे असं मला आकडे बघून वाटतं. पाड्यावर यादीचं काम करणारा बीएलओ हा बहुतेक वेळा तिथलाच शिक्षक किंवा अंगणवाडीताई. कोण वारलं, कुणाची सून आली, कोण वापीला कामाला गेलं, हे त्यांना फॉर्म न भरता माहीत असतं. टॉवरमध्ये तीच बाई गेटवर अडते. इंटरकॉम उचलत नाहीत, उचलला तर 'ऑनलाइन करतो' म्हणतात. नोव्हेंबर २०२४ ला मोठ्या सोसायट्यांच्या आवारातच मतदान केंद्रं काढली गेली, २०२५ मध्ये केंद्राबाहेर मोबाइल ठेवायची सोय जाहीर झाली, एका केंद्रावरच्या मतदारांची मर्यादा पंधराशेवरून बाराशेवर आणायचं ठरलं. चांगलं आहे. मे २०२४ च्या उन्हात दोन-दोन तास रांगेत उभ्या राहिलेल्यांना विचारा. पण केंद्र लिफ्टच्या खाली आणलं तरी यादी कोण नीट करणार?

आमच्या सोसायटीत आलेल्या बीएलओ बाईंनी शेवटी एक शहाणपणा केला. घरं सोडून दिली आणि वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. मी दूध घ्यायला खाली गेलो तेव्हा वॉचमन काका एकेक मजला सांगत होते. चारशे दोन, ते गेले, दोन वर्षं झाली. चारशे तीन, आजोबा वारले, आजी आहेत. पाचशे एक, ही मुलगी लग्न होऊन नाशिकला. बाई पेनाने खुणा करत होत्या. अर्ध्या तासात एक विंग झाली. बाई गेल्यावर मी काकांना विचारलं, तुमचं नाव कुठल्या यादीत? म्हणाले, 'जव्हारला, गावी. मे महिन्यात आदल्या रात्रीच्या एसटीने गेलो होतो ना, घरचे सगळेच येतात.' त्या दिवसाचा पगार मिळाला का, असंही विचारलं. नुसतेच हसले आणि कुणाची तरी गाडी आली म्हणून गेट उघडायला गेले.